झोपलेलं मशीन आणि सुगंधाबायची खुर्ची

बोईसरला लोक समजतात की वामन कंप्युटर दुरुस्त करतो. तो समज मी कदी मोडला नाय, त्याच्यावरच तर माजं घर चालतं. खरं सांगायचं तर निम्मे कंप्युटर आपले आपण बरे होतात. मी फक्त बंद करून परत चालू करतो आणि मदल्या वेळात चेहरा गंभीर ठेवतो. तो चेहरा शिकायला मला लई वर्षं लागली. बाकीचं काम पटकन आलं.

शाळा माजी सातवीपर्यंत. मी सातवीला सोडलं नाय, सातवीनं मला सोडलं. चिंचणीला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली लागलो. त्याचं दुकान बसलं, लोक बोलतात माज्या हातगुणानं. मंग बोईसर स्टेशनच्या बाजूला एका जिन्याखाली माजं दुकान टाकलं. जिन्याखाली असल्यानं आत यायला गिऱ्हाइकाला कमरेत वाकायला लागतं. असा मान मला दुसरीकडं कुठं मिळणार?

गिऱ्हाइकं एकेक. माकुणसारचे एक वाडीवाले काका हायत, त्यांचा कंप्युटर उघडला तर आत पालीची अंडी. ऊब असते ना आत. मी ब्रश उचलला तर काकांनी माजा हात धरला. "पिल्लं निघू दे, मंग साफ कर. आमाला घाई नाय." तो कंप्युटर माज्या दुकानात बाळंतपणाला राहिला. पिल्लं निघाली, काका येऊन घेऊन गेले, कंप्युटर बिघडलेलाच होता तो तसाच गेला. साफ करायचा मी विसरलो. काकांनी पण परत आणला नाय. त्यांचं काम झालं होतं.

असं हसण्यावारी नेलं की सगळं बरं दिसतं. मी सगळंच हसण्यावारी नेतो. पण एका ठिकाणी मी हसवलं ते मला अजून खातं, आणि आमच्या भागात ते सगळ्यांना ठाऊकच हाय, तर तुमाला पण सांगून टाकतो.

खाडीच्या तोंडावरचं एक गाव. मुरब्याच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाय, कारण ती माजी सासुरवाडी हाय आणि मासळी मी अजून तिथूनच आणतो. गावाचा बर्फाचा कारखाना हाय, मच्छीमारांनी मिळून काढलेला. ऑफिसात एक छोटी कंप्युटरची डबी. जेवणाच्या डब्याएवढी, आत पंखा नाय. खाऱ्या हवेत पंखे गंजतात म्हणून मुद्दाम तसली घेतली होती. तिच्यात लिनक्स घातलेलं. काम दोन: बोटवाल्यांना बर्फाच्या लाद्यांची चिठ्ठी काढून द्यायची, आणि थंड खोलीवर नजर ठेवायची. खोली तापायला लागली की डबी भोंगा वाजवणार, मंग माणसं धावणार.

डबीसमोर खुर्ची होती सुगंधाबायची. नवरा गेला तेव्हा ती कोलंबी सोलायला जायची. मंग एसटीनं पालघरला जाऊन कंप्युटर शिकली आणि चेअरमन हरेश्वरदादांनी तिला खुर्ची दिली. त्या ऑफिसात बसणारी गावातली पयली बाई. मला एकदा बोलली होती, "वामनभाऊ, खुर्चीचं मला काय नाय. हाताचा वास गेला बघ."

तर डबी बंद पडायला लागली. म्हंजे दिवा चालू, चित्र चालू, पण सगळं थिजलेलं. बाण हलत नाय, चिठ्ठी निघत नाय, भोंगा तर लांबच राहिला. मला बोलावलं. मी बंद करून चालू केली, चेहरा गंभीर ठेवला, आलो. परत बंद. परत गेलो. हळूहळू माज्या ध्यानात आलं की हे भांगाला होतं.

भांग म्हंजे काय ते दर्यापासून लांबच्या लोकांना सांगायला पायजे. पुनव-अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोलीच्या, म्हंजे ओढीसमोर तोंड उघडं ठेवून बांधलेल्या जाळ्यात मासळी येते. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी मंद, जाळं नुसतं लोंबतं. मंग डोलीच्या बोटी बंदरात आणि माणसं ओट्यावर पत्ते कुटत. उधाणात डबी धडधाकट. भांग लागला की डबी आडवी.

एवढं बरोबर पकडलं बघा मी. आता एखादा शहाणा असता तर त्यानं इथं थांबून विचार केला असता. मी भाषण केलं. ओट्यावर उबा राहून सांगितलं, "दादा, भांगाला भरतीचं पाणी वरपर्यंत येत नाय. जमीन सुकते. जमीन सुकली की अर्थिंग जाते. अर्थिंग गेली की कंप्युटरचा जीव घाबरतो." सगळ्यांना पटलं. पटणारच. त्या गावात भरती-ओहोटीवर लग्नाचे मुहूर्त हलतात, कंप्युटर काय चीज हाय!

मंग ऑफिसच्या मागं खड्डा खणला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, तो थर लावायला मी स्वता खड्ड्यात उतरलो. बोंबील वाळत घालायच्या बायका काम टाकून बघायला आल्या. त्यांच्यात जानकीमावशी, तिच्या तोंडाला लागायची माजी पण हिंमत नाय.

"काय रं वामन्या, कंप्युटर खारवतोस काय?"

"होय मावशी. आतडी काढून झाली, आता मीठ लावतो."

"मंग वाळत घालशील तेव्हा सांग. माजी एक काठी रिकामी हाय."

खड्डा बुजवून वर नारळ फोडला. लगेच उधाण लागलं. डबी मस्त चालली. दादांनी माजी पाठ थोपटली. मी पण थोपटून घेतली.

पुढच्या भांगाला डबी परत थिजली. आणि ह्या वेळी थंड खोलीचं मशीन पण त्याच वेळी दमलं. खोली तापत गेली, भोंगा वाजला नाय. जानकीमावशीची पापलेटं होती आत, मोठी, चांदीसारखी, भाव चढायची वाट बघत ठेवलेली. दार उघडलं तेव्हा बोट लावलं तर बोट आत जात होतं. मावशी काय बोलली नाय. जी बाई कायम बोलते ती गप्प बसली की गाव घाबरतं. आता कुणाचं तरी नाव घ्यायला लागणार होतं.

दादांनी मला डबी दुकानात नेऊन नीट तपासायला सांगितलं. मी नेली. तपासायची माजी रीत अशी की मशिनावर गाणी लावून द्यायची. दिवसभर गाणी वाजली की मशीन चांगलं. आठवडाभर डबीनं गाणी म्हटली, एकदा पण अडखळली नाय. मी डबी घेऊन परत गेलो. ऑफिसात कमिटी बसली होती, दारात बायका, मावशी पुढं. सुगंधाबाय आपल्या खुर्चीच्या मागं उबी, खुर्चीवर बसली नव्हती.

"वामन्या, खरं सांग," दादा बोलले. "काय बिघाड हाय?"

"दादा, माज्या दुकानात ती आठवडाभर गात होती. आजारी माणूस गातो काय?"

"मंग इथंच काय होतं तिला?"

तेव्हा सुगंधाबाय बोलली. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दादा, डबी थिजते तेव्हा तिच्या कोपऱ्यातलं घड्याळ पण थांबतं. मी दरवेळी बघितलंय. ते ज्या वेळेवर थांबलेलं दिसतं त्या वेळी मी जेवायला गेलेली असते, नायतर ऑफिसला कुलूप असतं. मी हात लावलेलाच नसतो."

आता बघा. तिनं माज्या हातात रोग ठेवला होता, नुसती मूठ मिटायची होती. पण बायका दारात, कमिटी समोर, सगळे माज्या तोंडाकडं बघतायत की वामन आता काय बोलतो. मी बोललो, "अगं सुगंधाबाय, मशीन तर बिघडवलंस, वर घड्याळ पण बिघडवलंस?"

हसले सगळे. हसले की मला थांबता येत नाय. मी पुढं बोललो, "दादा, मशिनात काय नाय. हाताचा गुण असतो एकेकाच्या."

विधवा बाईच्या हाताबद्दल गावात असं बोललं की लोक त्याचं काय करतात ते मला ठाऊक होतं. बोलताना कळलं नाय असं मी सांगितलं तर ते खोटं. कळलं. पण तोवर परत हसू आलं होतं. जानकीमावशी तेवढी हसली नाय. ती सुगंधाच्या हाताकडं बघत होती, आणि सुगंधानं हात पदराखाली घेतले.

खुर्चीवर दादांचा भाचा बसला. लग्न झालेला बाप्या, कामाला आळशी. त्याला दिवसभर फोनवरचं नाचगाणं डबीवर मोठं करून बघायची सवय. घरी जाताना पण तो ते चालूच ठेवून जायचा, बंद करायचा कंटाळा. आणि काय सांगू, डबी एकदा पण थिजली नाय! भांग आला, भांग गेला, डबी ठणठणीत. गाव बोललं, बघा, वामनचं खरं होतं. हात बदलला, गुण बदलला. सुगंधाबाय परत कोलंबीच्या शेडमदे गेली.

मी एवढा खूश की तसलीच एक डबी दुकानासाठी घेतली. तिच्यावर पण दिवसभर गाणी. एक दिवस माजी बायको शैला जेवणाचा डबा घेऊन आली, वाकून आत शिरली, बोलली, "कान किटले," आणि गाणं बंद केलं. आमी दोघं जेवलो. तिनं आणलेल्या सुकटीबद्दल मी काय तरी बोललो, ती काय तरी बोलली, भांडण असं नाय पण जेवण लांबलं. हात धुवून बघतो तर डबी थिजलेली. बाण हलत नाय.

"काय दाबलंस?" मी ओरडलो.

"कुठं काय दाबलं? गाणं बंद केलं."

"नाय, हात लावलास तू. काय तरी दाबलंस."

"तुजा गळा दाबायला पायजे होता तो राहिला," शैला बोलली. मंग माज्याकडं बघत राहिली. "सुगंधाला पण असंच बोललास काय रं?"

ती डबे आवरून गेली. मी डबीच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. ते आमी जेवत होतो तेव्हाच कदी तरी थांबलं होतं. दोघांचे हात सुकटीत होते, डबीला कुणी शिवलं नव्हतं.

परत चालू केली. गाणं लावलं नाय. हात लावला नाय, नुसता बसलो बघत. आयुष्यात पयल्यांदा मी एखाद्या मशिनासमोर गप्प बसलो. बऱ्याच वेळानं घड्याळ थांबलं.

तारापूर साईडच्या एका कारखान्यात पांडेजी म्हणून कंप्युटर सांभाळणारे हायत, चहाला माज्याकडं येतात. त्यांना दाखवलं. त्यांनी डबी उलटी करून खालचं नाव वाचलं आणि हसले.

"अरे वामन भाई, ये मरा नहीं है. सोया है. इतना गहरा सोया है कि उठना भूल गया."

त्यांनी मला समजावलं ते माज्या भाषेत सांगतो. कंप्युटरच्या पोटात जो मेंदू असतो, प्रोसेसर, त्याला सतत काम नसतं. तुमी वाचत बसता, विचार करता, तेवढ्या वेळात तो रिकामा. रिकामा ठेवून वीज कशाला जाळायची? म्हणून तो डुलकी घेतो. आणि डुलकीच्या पायऱ्या असतात. पयली पायरी म्हंजे वॉचमनची डुलकी, डोळे मिटले पण फाटक वाजलं की उबा. त्याच्या खालच्या पायरीवर अंगावर चादर. सगळ्यात खाली गेला की पार दिवे मालवून, दार लावून, सामान बांधून झोपतो. वीज लई वाचते, पण उठवायला वेळ लागतो.

आता कुणी कदी कुठल्या पायरीवर झोपायचं हे कोण ठरवतं? तर लिनक्सच्या मदोमद एक मुकादम बसलेला असतो. त्याला कर्नल बोलतात. तो सारखा अंदाज घेत असतो. आता काम किती वेळानं येईल? लगेच येणार असलं तर बोलतो, बसल्या जागी डोळे मीट. लांबणार असलं तर बोलतो, जा, खाली जाऊन नीट झोप. मुकादम शहाणा असतो. पण ह्या डबीतल्या मेंदूच्या जातीतच खोट होती. तो सगळ्यात खालच्या पायरीवर गेला की कदी कदी परत वर येत नव्हता.

म्हणून भांगाला! उधाणात बोटवाल्यांची रांग, चिठ्ठीवर चिठ्ठी, मेंदूला खाली उतरायला फुरसतच नाय. भांगाला बोटी बंद, ऑफिस रिकामं, मुकादम बोलतो जा बाबा झोप, आणि हा गेला तो गेला. आणि माज्या दुकानात गाणी, भाच्याचं नाचगाणं! आमी त्याला झोपूच देत नव्हतो. मी ज्याला तपासणी बोलत होतो त्याच्यानंच रोग लपत होता. आणि सुगंधाबाय काम नसेल तेव्हा डबीला उगाच हात लावत नसे, नीट वागत होती, म्हणून तिच्याच राज्यात डबी झोपत होती.

"इलाज काय?" मी विचारलं.

"एक लाइन है. चालू होते वक्त कर्नल को बोल दो, पहली सीढ़ी से नीचे भेजना ही मत." त्यांनी ती लाईन मला कागदाच्या कपावर लिहून दिली. शेवटी 'मॅक्स सी-स्टेट बरोबर एक' असं काय तरी. त्यानं डबी थोडी कोमट राहते, वीज थोडी जास्त खाते, बाकी काय नाय.

कप घेऊन मी सरळ गावात गेलो. दादा ओट्यावर होते, भोवती चारपाच जण.

"दादा, सुगंधाबायची चूक नव्हती. मशीन कुणी हात लावला नाय की मरतं. आराम केला की मरतं."

दादा बोलले, "कामानं मेलेली माणसं बघितली. आरामानं मेलेलं कोण रं?"

सगळे हसले. आणि मी काय करावं? माज्या तोंडातनं निघालं, "आरामानं मरत असता तर तुमचा भाचा कदीच गेला असता."

परत हसू. दादा पण हसले, भाचा पण हसला. मी बोलत राहिलो, चूक माजी हाय, माजी हाय, मला काय कळत नाय, मी गाढव हाय. जितकं बोललो तितकं ते जास्त हसले. मी हेच तर आयुष्यभर बोलत आलो होतो, मी गाढव, मला काय कळत नाय. आता खरंच सांगायचं होतं तर माज्याकडं दुसरे शब्दच नव्हते.

तिथून कोलंबीच्या शेडमदे गेलो. सुगंधाबाय पाटीसमोर उकिडवी बसलेली. मी सगळं सांगितलं, झोप, पायऱ्या, मुकादम. ती सोलत राहिली. सांगून झाल्यावर बोलली, "मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं मी हात लावला नव्हता."

"दादांना सांगितलं. ते हसतात."

"तुजं बोलणं ऐकून हसणारच." तिनं साल टाकलं, दुसरी कोलंबी घेतली. "मंग बोलू नको. दाखव."

पुढचा भांग आला तेव्हा मी दादांच्या पाया पडलो. खोटं नाय, खरंच पडलो. बोललो, कमिटी बोलवा, ऑफिसात बसा, आणि काय करू नका. एवढंच. भाच्याचं गाणं बंद करायचं आणि कुणी डबीला शिवायचं नाय.

कमिटी बसली. आयुष्यभर दर्याशी झुंजलेले सात-आठ बाप्ये, एका डब्याएवढ्या मशिनाकडं बघत. काय न करणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. एकाला खोकला आला तर दुसरा बोलला, अरे उठेल ना ती. एकानं सवयीनं बाण हलवायला हात पुढं केला, दादांनी त्याच्या हातावर चापट मारली. दारात जानकीमावशी. "पोरं झोपवताना पण एवढं गप्प बसला नाय तुमी," ती बोलली. कारखान्याची मांजर टेबलावर चढली तर तिला उचलायला तिघं धावले. परत गप्प. कुणी तरी घड्याळाचे आकडे पुटपुटत होता. मी भिंतीला टेकून उबा, मनात एकच, आज नेमकी ही नाय झोपली तर?

मंग पुटपुटणारा थांबला. परत तोच आकडा बोलला. परत तोच.

दादा उठले. त्यांनी स्वता बाण हलवायचा प्रयत्न केला. मंग दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. काय नाय. ते भाच्याकडं वळले, मंग माज्याकडं, मंग दाराकडं. जानकीमावशी तिथं नव्हती. ती कोलंबीच्या शेडकडं चालत निघाली होती, आणि तिच्या वयाला ती धावतच होती म्हणायला हरकत नाय.

सुगंधाबाय लगेच आली नाय. निरोप आला, हातातली पाटी संपवून येते. कमिटी थांबली. ती आली तेव्हा दादांनी भाच्याला उठवलं आणि खुर्ची पुढं केली. दादा माफी मागायच्या बेतात होते, पण तेवढ्यात जानकीमावशी बोलली, "माजी पापलेटं हिनं नाय खाल्ली. गावानं हिला खाल्लं." सुगंधाबायनं हात पदराला पुसले आणि ती खुर्चीवर बसली.

मी चालू करताना लाईन टाकली. डबी जागी राहिली, कोमट झाली, मांजर तिच्यावर जाऊन बसली. सगळे खूश. गोष्ट इथं संपवली असती तर मी पण थोडा बरा दिसलो असतो.

चार दिवसांनी वीज गेली. आमच्याकडं जातेच. परत आली, डबी परत चालू झाली, आणि दुपारी सुगंधाबायचा फोन. "वामनभाऊ, परत झोपली." आवाजात काय नव्हतं. ना राग ना काय. मागं कुणी तरी बोललेलं मला ऐकू आलं, बघा, हिच्याच हाताला परत.

मोटरसायकल हाणत जाताना पांडेजींना फोन केला. "वामन भाई, ऊपर ऊपर से डाला होगा. बिजली गई, लाइन गई. फाइल में पक्का डालना पड़ता है ना!" ते त्यांनी पयल्यांदा पण सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांना चहा ओतत होतो आणि एक विनोद सांगत होतो.

ऑफिसात पोचलो. दादा, भाचा, आणखी दोघं, सुगंधाबाय खुर्चीवर. ह्या वेळी ती उठली नव्हती. मी काय बोलायच्या आदी तिनंच दादांना सांगितलं, "वीज गेली तेव्हा लाईन पुसली गेली असणार. बाकी काय नाय." मंग माज्याकडं वळली. "बरोबर?"

"बरोबर. मी कच्ची टाकली होती."

"पक्की कुठं टाकायची?"

"सरक, मी टाकतो."

"नाय," ती बोलली. "मी टाकते. तू सांग. परत तुला बोलवायला नको."

दादा हसणार होते, पण हसले नाय. मी तिच्या बाजूला उबा राहिलो आणि फोनवर पांडेजी मला सांगतील तसं तिला सांगायला लागलो. कुठली फाईल उघडायची, कुठल्या ओळीच्या शेवटी जायचं. मदे मी सवयीनं एक गंमत केली, मुकादमाच्या बायकोवर. ती टायपायची थांबली. दोन्ही हात बटणांवर तसेच ठेवून, पुढं बघत थांबली. हसली नाय, रागावली नाय. माजं संपल्यावर बोलली, "झालं? पुढं."

पुढचं मी सरळ सांगितलं. तिनं लाईन लिहिली, परत वाचली, मला मोठ्यानं वाचून दाखवली, मंग वरनं कर्नलला ती कळवायची जी आज्ञा असते ती दिली. मंग भाच्याला बोलली, "जरा मेन बटण पाड." त्यानं पाडलं. सगळं काळं. "आता वर कर."

डबी उठली. घड्याळ चालू झालं. सुगंधाबायनं दोन्ही हात बटणांवरनं काढून मांडीवर ठेवले. दादा निघाले, बाकीचे पण निघाले. मी घुटमळलो. मला काय तरी बोलायचं होतं, आणि तोंड उघडलं तर काय निघेल ह्याची मलाच भीती वाटत होती.

"तू जा आता," ती घड्याळावरची नजर न काढता बोलली. "मी बसते बघत."